घरचा वकील

मंडळी, नाशिकच्या कोर्टातून आईला घरी सोडलं आणि थेट सायबर कॅफे गाठला. सांगितल्याशिवाय राहवत नाहीये!

आई फुलं विकते. मागे फुलबाजारात जाताना तिला टेम्पोने उडवलं. पाय कायमचा अधू झाला. भरपाईचा दावा वकीलकाकांकडे, म्हणजे बाबांच्या मावसभावाकडे दिला. घरचाच माणूस! आईने तारीख विचारली की म्हणायचे, "वहिनी, तुम्ही फुलं सांभाळा, कोर्ट मी सांभाळतो."

काका तारखांना गेलेच नाहीत. दावा फेटाळला गेला आणि आम्हाला ते फार उशिरा कळलं!

नातेवाईक म्हणाले, घरातली गोष्ट आहे, सोडून द्या. आई म्हणाली, "पाय माझा मोडलाय, नात्याचा नाय." तिने दुसऱ्या वकिलाकडून दावा पुन्हा चालू करायचा अर्ज केला.

आज काकांनी न्यायाधीशांसमोर कबूल केलं, "चूक माझी. या बाईंचा काही दोष नाही." दावा पुन्हा सुरू झाला!

बाहेर काका मान खाली घालून म्हणाले, "वहिनी, राग धरू नका."

"राग नाय, भाऊजी. दसऱ्याला जेवायला या. वकील मात्र आता परकाच ठेवणार."

खरं सांगा, आपल्या माणसाला ‘कामाचं काय झालं?’ विचारायला तुम्हालाही असंच अवघडतं का?