चौकातले पाटील

पाटलांकडून कोबी विकत घेणं सोपं नव्हतं. त्यांनी सांगितलेली किंमत मुकाट्यानं दिली, की ते कोबी परत आपल्याकडे ओढून घेत. पहिल्या शनिवारी मी नेमकं तेच केलं. आयर्लंडला येऊन मला जेमतेम महिना झाला होता आणि परदेशात घासाघीस करायची नसते, हे नवऱ्यानं मला विमानातच बजावलं होतं. मी दोन युरोचं नाणं टेबलावर ठेवलं. पाटलांचा चेहरा पडला. "बाई, हे दुकान नाही," ते म्हणाले. "हा बाजार आहे. मी मागितले, आता तुम्ही काहीतरी बोलायला हवं."

मग मी बोलले. पुण्याच्या मंडईत आईच्या मागं पिशवी धरून जे शिकले होते, ते सगळं तोडक्यामोडक्या इंग्रजीत बाहेर काढलं. पानं पिवळी आहेत, गड्डा हलका आहे, पलीकडच्या सुपरमार्केटात याहून मोठा मिळतो. पाठ फिरवून चार पावलं चाललेसुद्धा. त्यांनी हाक मारली, तळहात पुढं केला, मी त्यावर हात मारला आणि सौदा पटला. "ग्रँड," ते म्हणाले. आनंदानं त्यांचे कान लाल झाले होते.

पाटील हे नाव अर्थात आम्ही ठेवलेलं. डब्लिनजवळ, नास शहराच्या पुढच्या त्या छोट्या गावात, शनिवारी सकाळी, भल्यामोठ्या रिकाम्या चौकात एकच टेबल मांडलेलं असायचं. त्यामागं टोपी घातलेला एक उंच म्हातारा, पुढ्यात चार कोबी, थोडे बटाटे आणि अंडी. पण बसण्याचा रुबाब असा, की माझा नवरा बघताक्षणी म्हणाला, "हे तर गावचे पाटील दिसून राहिले." नवरा नागपूरचा. पुढं एकदा मी त्यांना त्या शब्दाचा अर्थ सांगितला. त्यांनी जरा विचार केला, "पगार असतो का?" असं विचारलं आणि नाव ठेवून घेतलं.

गावाचा इतिहास कोबीबरोबर फुकट मिळे. चौक एवढा रुंद का, तर तिथं गुरांचा बाजार भरायचा. पबच्या भिंतीतल्या लोखंडी कड्या घोडे बांधायच्या. कमानींच्या त्या दगडी इमारतीत लोणी तोललं जायचं. बाजाराची सनद कुण्या इंग्रज राजानं दिलेली. त्या राजाला ते 'युअर मॅन', म्हणजे 'आपला तो गडी', म्हणत, जसा काही तो कोपऱ्यावरच्या पबमध्येच बसायचा. चौकही इंग्रज जमीनदारानंच आखलेला. "म्हणजे बाजार इंग्रजांचाच की!" मी एकदा चिडवलं. "राजा त्यांचा, चौक त्यांचा," पाटील म्हणाले, "पण इथला चिखल आमच्या माणसांनी तुडवला. राजा गेला, जमीनदार गेला. बाजार आमच्याकडे राहिला." पुढं गुरं गावाबाहेरच्या शेडमध्ये गेली, भाजी सुपरमार्केटात गेली आणि गावात डब्लिनच्या सिटीवेस्टमधल्या कंपन्यांत नोकरीला जाणारी आमच्यासारखी माणसं राहायला आली. चौकातली टेबलं कमी होत होत पाटलांचं एक उरलं.

त्यांच्या हट्टाला कारण होतं. बाजार बंद पडला की चौकात गाड्या लावायची सोय करायची, हे गावच्या कारभाऱ्यांनी ठरवून टाकलं होतं. आणि तो बंद पडलाय असं कुणाला म्हणता येऊ नये म्हणून दर शनिवारी निदान एक सौदा व्हायलाच हवा, हे पाटलांनी ठरवलं होतं. "बाजार गेला, की गावात नुसती घरं उरतात," ते म्हणत. तेव्हा मंदी आली होती. गावाच्या टोकाला बिनछपराची अर्धवट घरं ओळीनं उभी होती. पाटील तिकडे बोट दाखवत आणि म्हणत, "आणि घरं तरी कसली!"

मोठा बर्फ पडला त्या हिवाळ्यात रस्तेच बंद झाले. एखादा शनिवार पाटीलही सोडतील, असं मला वाटलं, पण घरात राहवेना. नवऱ्याचे बूट घालून निघाले. चौकात टेबलापुरती जागा फावड्यानं साफ करून पाटील उभे होते. थंडीनं दोघांची दातखीळ बसली होती, तरी घासाघीस पुरी केली आणि त्यांनी किंमत काही सोडली नाही. त्या दिवसापासून मला हा माणूस फार आवडायला लागला. त्या देशात मला नोकरी करायची परवानगी नव्हती. नवरा कामाला गेला की मी खिडकीशी बसून असायची. माझ्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. शनिवारी मात्र एका माणसाचं अडायचं.

त्यांची मुलगी नोरा डब्लिनला असे. तिला हे सगळं अजिबात पसंत नव्हतं. "डॅड, लोक हसतात तुम्हाला," असं ती माझ्यादेखत म्हणाली होती. ती आली तरी गाडीतच बसून राही, टेबलाकडे फिरकत नसे. पाटील तिच्यावर कधी चिडले नाहीत. "तिला घाई असते," एवढंच म्हणायचे.

पुढं ते आजारी पडले आणि नासच्या इस्पितळात गेले. भेटायला गेले तर तब्येतीचं त्यांनी बोलूच दिलं नाही. "टेबल गॅरेजमध्ये आहे, कोबी परसात. शनिवारी तू बस," म्हणाले. घरी नवरा उडालाच. "अगं, डिपेंडंट व्हिसा आहे तुझा! कोबी विकताना पकडली गेलीस तर काय सांगशील?" मी म्हटलं, "शेजारधर्म." शनिवारी तो स्वतःच टेबल उचलून चौकात घेऊन आला. पैसे पाटलांच्या डब्यात जात. त्या काळात पुष्कळदा पहिलं गिऱ्हाईक नवराच असे, आणि मी त्याला काही सूट दिली नाही.

शरद ऋतूत पाटील गेले. दफन शनिवारी सकाळी ठेवलं, ऐन बाजाराच्या वेळेला. फोनवर नोरानं सांगितलं तेव्हा मला रडू आलं आणि पाटलांचा रागही आला. माणसानं मरताना तरी वार बघावा! चर्चमध्ये जावं तर चौक रिकामा पडणार, चौकात बसावं तर त्यांचं शेवटचं दर्शन चुकणार. शेवटी आम्हा दोघांच्या वतीनं नवऱ्याला चर्चमध्ये पाठवलं आणि मी टेबल मांडलं. सगळं गाव चर्चमध्ये होतं. एक माणूस फिरकला नाही.

दुपार होत आली तेव्हा शवपेटीची गाडी चौकात शिरली आणि थांबली. गेलेला माणूस जिथं वावरला तिथं गाडी घटकाभर थांबवायची, अशी तिकडची रीत आहे. मागून चालत येणारी माणसंही थांबली. मी टेबलामागं हात जोडून उभी राहिले. आज सौदा झाला नाही, हे त्यांना कसं सांगू, एवढंच माझ्या मनात येत होतं.

तेवढ्यात नोरा मागच्या गाडीतून उतरली. काळा कोट, सुजलेले डोळे. सरळ टेबलापाशी आली, एक कोबी उचलून तिनं हातात तोलला.

"केवढ्याला?"

"अडीच युरो."

"ही लूट आहे," ती कशीबशी म्हणाली आणि तिच्या डोळ्यांना धार लागली.

मीही रडत होते, पण किंमत सोडली नाही. आमचा सौदा पटेपर्यंत सगळी अंत्ययात्रा चौकात थांबून राहिली.