निघताना गोड बोलायचं नाही

दुपारची भांडी झाली, ओटा पुसून कोरडा केला आणि मोबाईल चटणीच्या बरणीला टेकवून बसले. पडद्यावर दुतर्फा फिकट गुलाबी फुलांनी लगडलेली झाडं, त्यांच्यामधून जाणारा लांबलचक मोकळा रस्ता आणि त्या रस्त्यावर एकच गाडी. गाडीत ती दोघं. इतके भाग एकमेकांना चुकवत राहिलेली, रुसलेली, एकाच छत्रीखाली उभं राहूनही मनातलं न बोललेली ती दोघं आता मोकळेपणानं हसत होती. मागच्या सीटवर फुलांचा गुच्छ होता. त्यानं एक हात स्टिअरिंगवरून काढून तिच्या हातावर ठेवला आणि समोरचा रस्ता सोडून तिच्याकडे बघत म्हणाला, आजच्याइतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. माझं बोट आपसूक पडद्यावर गेलं आणि मी ती गाडी तिथंच थांबवली. तुम्हीही ह्या मालिका बघत असाल तर पुढचं सांगायला नको. बाजूच्या रस्त्यानं एक पांढरा ट्रक भरधाव येणार, आणि त्याच्या ड्रायव्हरला ब्रेकही सापडणार नाही आणि हॉर्नही.

आत्ती इथं असत्या तर एव्हाना त्यांनी पदर डोळ्यांवर ओढला असता. "मी डोळं झाकतो. झालं की सांग मला," म्हणत बसल्या जागी पाठ फिरवली असती. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमचं गाव चंदगडकडचं. तिकडं सासूला आत्ती म्हणतात आणि बायकासुद्धा ‘मी जातो, मी येतो’ असंच बोलतात. सध्या त्या गावी थोरल्या दिरांकडे आहेत. काजूचा हंगाम आहे, त्यांचा पाय तिथून निघत नाही. त्यामुळं हा ट्रक मला एकटीनं सोसायचा आहे आणि ते काही माझ्याच्यानं होत नाही. पडदा तसाच थांबवून मी खिडकीतून बाहेर बघत बसले आणि आमच्या त्या सगळ्या दुपारी एकामागून एक आठवत गेल्या.

वेड आधी मला लागलं आणि माझ्यामुळं त्यांना. सुरुवातीला त्या नुसत्या लसूण सोलायला शेजारी येऊन बसायच्या. "ह्येंची नावं ध्येनात ठिवायची तरी कशी गं?" म्हणायच्या. मग त्यांनीच नवी नावं पाडली. सहा-सहा भाग तोंड न उघडणारा नायक ‘मुका’ झाला, सारखी धडपडणारी नायिका ‘हेंदकाळी’ झाली. कोरियन मालिका म्हणजे छत्रीवाल्या आणि चिनी म्हणजे तलवारवाल्या. हिंदीत डब केलेले संवाद त्यांना अर्धेच कळायचे, उरलेलं त्या चेहऱ्यांवरून वाचायच्या, आणि बहुतेक वेळा माझ्यापेक्षा बरोबर वाचायच्या. तलवारवाल्यांमध्ये तो तिच्यासाठी तीन-तीन जन्म थांबतो, पांढऱ्या झग्याला धूळ लागू न देता बर्फाच्या डोंगरावर उभा राहतो, आणि शेवटी पांढऱ्याच रुमालात रक्ताची गुळणी टाकतो. ते बघून त्या हळहळायच्या आणि म्हणायच्या, "तीन जल्म थांबला, पन एकदा डागदरकडं गेला न्हाय."

आणि तरी आम्ही दोघी त्या मालिकांवर जीव टाकायचो. काय असतं त्यात, असं मला पुष्कळ जणींनी विचारलंय. त्यात फार काही घडत नाही, हेच मला आवडतं. दोघं एका बाकावर बसतात. तिचा हात बाकावर आहे, त्याचा हातही आहे, दोन्हींमध्ये वीतभर लाकूड आहे आणि ते वीतभर अंतर संपायला अर्धी मालिका जाते. तो वाकून तिच्या बुटाची नाडी बांधतो. तिचे ओले केस पुसून देतो. वाफाळत्या वाडग्यातला चांगला तुकडा उचलून तिच्या भातावर ठेवतो. आमच्या घरातल्या कुठल्या पुरुषानं स्वतःच्या हातानं पाणी घेतलेलं आम्ही कौतुकानं सांगत असू, तिथं हे बघताना मी तेवढाच तुकडा मागं नेऊन परत लावायचे. आत्तींना मात्र वेगळंच आवडायचं. ती माणसं भेटल्याबरोबर आधी जेवण विचारतात. "आपल्यासारखीच हाईत. पयलं जेवान, मग बाकीचं," असं त्या समाधानानं म्हणायच्या आणि लसणाचा पुढचा गड्डा सोलायला घ्यायच्या.

पण ह्या सुखाला एक काटा होता. बघता बघता आमच्या ध्यानात आलं, की ह्या गोष्टींमध्ये संकट भांडणाच्या वेळी कधी येत नाही. रुसलेल्या माणसाला तिथं खरचटतसुद्धा नाही. संकट येतं ते मनातलं ओठावर आल्यावर, अंगठी घेतल्यावर, फोनवर ‘घरी आलो की तुला एक सांगायचंय’ म्हटल्यावर. कुणी फार गोड बोलायला लागलं की आत्तींची सुरी थांबायची. "लई ग्वाड बोलाय लागलाय ह्यो. आता काय खरं न्हाय ह्येचं." आणि खरंच नसायचं. पहिल्यांदा आम्ही त्यावर हसलो. मग पैजा लावल्या. मग केव्हातरी हसू येईनासं झालं आणि नुसतीच भीती उरली.

मी मूळचीच भित्री. माझं माहेर मलकापूरचं, घर अगदी रत्नागिरी रस्त्यावर. वडील कामासाठी घाट उतरून जायचे आणि ते परत येईपर्यंत आई दारातून उठायची नाही. प्रत्येक गाडीच्या आवाजाला मान वळवायची सवय मला तिथं लागली आणि ती मी सासरी घेऊन आले. आमचे हे शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत आहेत. रोज सकाळी मोटरसायकलवरून जायचं, हायवे गाठायचा, दोन्ही बाजूंनी धडधडणाऱ्या ट्रकांमधून वाट काढायची आणि दिवसभर भट्टीसमोर उभं राहून तशाच रस्त्यानं परत यायचं. पांढरे ट्रक म्हणाल तर तिथं हवे तेवढे. कामावर जाताना ते दारात थांबून काही बोलले, एखादा चांगला शब्द टाकला, की मी गाडीचा आवाज विरेपर्यंत दारातून हलेनाशी झाले. एकदा त्यांनी गाडीला किक मारता मारता सहज म्हटलं, "आज साडी बरी दिसत्या." त्या दिवशी त्यांचा पोचल्याचा फोन येईपर्यंत मी एकही काम धड केलं नाही.

मग मीच उपाय काढला. तुम्हाला हसू येईल, पण मी निघताना भांडायला सुरुवात केली. मोठं भांडण नव्हे, लहानसं. काल आणलेला दोडका किडका होता. ओला टॉवेल परत गादीवर टाकलात. गॅसचा नंबर लावा म्हणून किती वेळा सांगायचं? कपाळाला आठी घालून ते निघून जायचे आणि मी दार लावून सुटकेचा श्वास सोडायचे, कारण असल्या भांडणावर कुठल्याही गोष्टीचा शेवट होत नसतो. किडक्या दोडक्यानंतर ट्रक येत नाही. आत्ती हे सगळं बघत होत्या. एकदा मला विषय सुचेना, तेव्हा आतून त्यांनीच हाक दिली, "आरं, त्यो नळ गळतोय कवापास्नं, दिसत न्हाय व्हय तुला?" आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही, पण त्या दिवसापासून ह्या कामात आम्ही दोघी होतो. ह्यांना वाटायचं, बायकोचा स्वभाव तापट होत चाललाय. मला त्याचं वाईट वाटायचं. पण त्यांना वाईट वाटलेलं मला चालणार होतं, दुसरं काही चालणार नव्हतं.

आणि मग एका पावसाळ्यात तो दिवस आला. पंचगंगेचं पाणी चढत होतं. शहरात आम्ही राहतो तो भाग उंचावर, आमच्या दारात पाणी येत नाही. पण सगळ्या शहराचं बोलणं एकच असतं, पाणी कुठवर आलं. सकाळी नदीकाठच्या गल्ल्यांतली माणसं सामान डोक्यावर घेऊन निघाली होती. दुपारनंतर वीज गेली. आत्ती आणि मी मोबाईलवर आधीच उतरवून ठेवलेला एक भाग बघत बसलो होतो, खरं तर बघत नव्हतोच, नुसता आवाज चालू ठेवला होता. तेवढ्यात ह्यांचा फोन आला. कंपनी लवकर सोडली होती. मागं पावसाचा आणि माणसांच्या ओरडण्याचा कालवा होता.

"शिरोलीजवळ पानी आलंय रस्त्यावर. पन गाड्या जात्यात अजून. निघालो मी," ते म्हणाले. मी म्हटलं, तिथंच थांबा, कुणाकडं तरी राहा. ते म्हणाले, न्हाय, येतोच. आणि मग मी लग्नानंतर कधी ऐकला नव्हता अशा मऊ आवाजात म्हणाले, "आगं, तुला एक सांगायचं हुतं. लई दिस झालं मनात हाय."

एरवी ‘जेवण झालं काय’ याच्यापलीकडं फारसा न गेलेला माणूस, पाण्यात अर्ध्या बुडालेल्या रस्त्याच्या तोंडाशी उभा राहून मला हे सांगत होता. मी जवळजवळ किंचाळलेच, "काही बोलू नका. एक शब्द बोलू नका. काय सांगायचं ते घरी येऊन सांगा." पलीकडं ते काहीतरी म्हणाले, ते मला कळलं नाही, आणि फोन बंद झाला. मी लगेच लावला. बंद. परत लावला. तो संपर्काच्या बाहेर असल्याचं एक बाई शांतपणे सांगत राहिली.

त्यानंतरचा वेळ मी कसा काढला ते नीट आठवत नाही. एवढंच आठवतं की भीतीला आता दोन तोंडं फुटली होती. त्यांना बोलू दिलं असतं तर ते शेवटचं ठरलं असतं, म्हणून मी गप्प केलं. आणि आता ते आलेच नाहीत तर जे सांगायचं होतं तेही माझ्याच हातानं गेलं. आत्तींना मी काही सांगितलं नव्हतं, पण त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी मोबाईल हातातून घेतला आणि मालिका बंद केली. "ती खोटी हाईत गं," त्या म्हणाल्या. पण हे म्हणताना त्या दाराकडंच बघत होत्या. एरवी मला धीर देणारी ही बाई त्या संध्याकाळी माझ्याइतकीच घाबरलेली होती, आणि ते बघून मी आणखी घाबरले. आम्ही दोघी दारात बसलो. बाहेर पाऊस होता, अंधारून येत होतं, आणि गल्लीच्या तोंडाशी एखादा दिवा दिसला की आम्ही दोघीही उठून उभ्या राहायचो आणि परत खाली बसायचो.

दिवेलागणीच्या सुमाराला ते आले. चालत आले. मोटरसायकल एका पेट्रोल पंपावर उंचावर लावून, गावातल्या पोरांनी माणसं न्यायला आणलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं राहून पाण्यातून आले होते आणि पुढचं पाणी पायीच तुडवलं होतं. मोबाईल खिशात भिजून मेला होता. छातीपर्यंत चिखल, ओठ निळे पडलेले. आत्तींनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "जेवलास काय?" मी आत जाऊन टॉवेल आणला. तो त्यांच्या हातात द्यायचा, की आपणच त्यांचे केस पुसायचे, हा विचार करत मी क्षणभर तशीच उभी राहिले. मग हातात दिला आणि भाकरी थापायला गेले. पीठ मळताना रडू आलं, ते मी येऊ दिलं.

पाणी ओसरलं, रस्ता मोकळा झाला, पंपावरची गाडी घरी आली आणि ते परत कामाला निघाले त्या सकाळी मला भांडायला काही सुचेना. खरं म्हणजे इच्छाच नव्हती. मी डबा हातात दिला आणि दारात उभी राहिले. त्यांनी हेल्मेट घातलं, काढलं, परत घातलं. गाडी चालू करेनात.

"आज काय न्हाय म्हननार?" त्यांनी विचारलं.

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल बी." माझ्याकडे न बघता ते आरसा पुसत राहिले. "आईनं सांगितलंय मला मागंच, तू का भांडतीस त्ये. तू कायतरी म्हटल्याबिगर निघाय बरं वाटंना आता."

म्हणजे माझी भीती त्यांनाही लागली होती. इतके दिवस मी त्यांना दुखवतेय असं समजत होते, आणि ते मात्र दारात ती बोलणी खायला थांबत होते. आता बोलणं तर भाग होतं. कसंबसं म्हटलं, "शर्टाचं बटण वरखाली लावलंय. एवढंही कळत नाही." त्यांनी मान हलवली, गाडी चालू केली आणि गेले. बटण बरोबरच होतं.

त्याला बरेच पावसाळे झाले. त्या संध्याकाळी त्यांना काय सांगायचं होतं, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. मोठं काही असेल किंवा अगदीच किरकोळ असेल. कधी जेवताना ते मध्येच थांबून माझ्याकडे बघतात, तेव्हा वाटतं आता सांगतील, आणि मी घाईघाईनं भाजी वाढायला घेते. घरी येऊन सांगा, असं मी त्यांना म्हटलं होतं. ते सांगून होत नाही, तोवर त्यांना रोज घरी यावं लागेल.