नाव कापलेली कात्रणं

महाल भागात रद्दीचं दुकान चालवणारे एक गृहस्थ होते. वर्तमानपत्रात नागपूरच्या एखाद्या जुन्या वस्तीबद्दल काही छापून आलं, की ते कापायचे, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर खळीनं चिकटवायचे आणि वस्तीवार गठ्ठे बांधून ठेवायचे.

मी कॉलेजात इतिहास शिकवायचो, रविवारच्या पुरवणीत शहरावर लिहायचो. तरी आपल्या मोहल्ल्याची माहिती हवी असली की लोक त्यांच्याकडे जात. माझे विद्यार्थीसुद्धा. हे मला कधी सहन झालं नाही.

एकदा सक्करदऱ्याच्या तलावावरचा माझाच लेख मला घरात सापडेना. शेवटी त्यांच्या दुकानात गेलो. त्यांनी वर न पाहता नेमका गठ्ठा ओढला. लेख होता, वरचं माझं नाव मात्र कात्रीनं कापलेलं.

"नाव काहून कापलं?"

"सर, लोकं वस्ती शोधत येतात," ते खळीची बोटं पुसत म्हणाले. "लिहिणाऱ्याले कोनी विचारून नाही राहिलं."

समासात पेन्सिलीनं एक दुरुस्ती होती. मी धोबीघाट चुकीच्या काठावर दाखवला होता. दुसऱ्या दिवशी सायकल काढून पाहून आलो. त्यांचंच बरोबर होतं.

पुढे माझं पुस्तक निघालं. त्यांच्या पेन्सिलीतल्या सगळ्या दुरुस्त्या त्यात आहेत. आभाराच्या पानावर छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याचंही नाव आहे. त्यांचं नाही.

नाव मला ठाऊक आहे. आज इथंही लिहवत नाही.