ट्रॅक्टरच्या मागे उभा राहणारा

साठी उलटली तरी घरात तो धाकटाच होता. गावात मात्र त्याला सगळे येऊदेकाका म्हणत, आणि तोंडावर म्हणत, कारण त्यात चिडण्यासारखं काही आहे असं त्याला स्वतःलाच कधी वाटलं नाही. नाव पडायचं कारण साधं होतं. दोघा भावांची लिंबांची बाग होती आणि एक जुना ट्रॅक्टर होता. थोरला चालवायचा, धाकटा मागे उभा राहायचा. फवारणीची टाकी असो की माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर, ते अवजार जोडायचं म्हणजे ट्रॅक्टर नेमका मागे आणावा लागतो आणि त्याचे दोन लोखंडी हात अवजाराच्या खुंट्यांसमोर असे थांबवावे लागतात की बोटभराचाही फरक चालत नाही. मग पिन घालायची. धाकटा हातात पिन घेऊन ओरडायचा, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास!" आणि थोरला तिथल्या तिथे थांबायचा. हा आरडाओरडा रस्त्यापर्यंत ऐकू जायचा, म्हणून येऊदेकाका.

थोरला कधी मान वळवून मागे बघत नसे. लोक म्हणायचे, अरे, जरा बघावं माणसानं, भावाची बोटं जातील. तर तो ऐटीत म्हणायचा, "माझे डोळे मागे उभे आहेत." एवढं एक वाक्य धाकट्याने आयुष्यभर पुरवून पुरवून वापरलं. लग्न त्याचं झालं नाही. जमलं नाही म्हणा, किंवा जमवायचं कुणी मनावर घेतलं नाही म्हणा. बागेचे निर्णय थोरला घ्यायचा, बाजार थोरला बघायचा, पाहुण्यांशी थोरला बोलायचा. धाकट्याच्या वाट्याला कौतुक म्हणून जे काही आलं ते या एका वाक्यात आलं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते पुरलंही.

मग थोरल्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पुतण्या शहरातून गाडी घेऊन आला आणि आईवडिलांना घेऊन गेला. निघताना थोरल्याचं बोलणं जड येत होतं, तरी खिडकीतून तो म्हणाला, "छाटणीच्या आत आलोच समज." धाकटा तसंच समजून चालला. ती छाटणी झाली, तिच्यानंतरचीही झाली. फोनवर दर वेळी थोरला म्हणायचा, आता जरा बरं आहे, येतो. धाकटा म्हणायचा, ये, घाई नाही. दोघंही एकमेकांचं मन राखण्यात तरबेज होते.

घर तसंच होतं, फक्त त्यातला आवाज गेला होता. स्वयंपाकघरात फ्रिज घरघरायचा, तो बंद पडला की धाकट्याला दचकायला व्हायचं. भाताचा अंदाज त्याला काही केल्या एकट्याचा येईना, दोघांचा शिजायचा, मग दुसऱ्या दिवशी तोच खायचा. थोरल्याच्या खोलीतली गादी तो उन्हात टाकायचा. दाराशी थोरल्याचे कातडी बूट होते, त्यांना तो तेल लावून ठेवायचा, कारण कातडं वापरलं नाही की तडकतं. बूट असे मऊ राहिले होते की घालणाऱ्याने कधीही यावं आणि पाय सरकवावा.

पण बाग काही थांबत नाही. एकट्याने अवजार जोडायचं म्हणजे ट्रॅक्टरवर चढा, मागे घ्या, उतरा, बघा, चार बोटं चुकलं, परत चढा. तो चालवायला कच्चा होता, कारण चालवायची वेळच आली नव्हती. शेजाऱ्याला हाक मारली की सुरुवातीला तो यायचा. पुढे पुढे त्याला हाक ऐकू येईनाशी झाली, आणि त्याला बोल तरी काय लावणार. त्यात जुन्या ट्रॅक्टरचं इंजिनच बसलं. मेकॅनिकने बॉनेट उघडलं, आत पाहिलं, बंद केलं आणि त्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, आता याला सोडा. लिंबाच्या ओळींतून जाईल असा छोटा घ्या एखादा."

तेव्हा धाकटा आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी निवडायला एकटा निघाला. इस्त्रीचा शर्ट घालून गेला.

शोरूमच्या मागच्या अंगणात दोन छोटे ट्रॅक्टर शेजारी शेजारी उभे होते, एक लाल आणि एक निळा. विक्रीचं काम बघणाऱ्या बाई स्पोर्ट्‌सचे बूट घालून खडीवरून झपाझप चालत होत्या. "काका, खरं सांगू?" त्या म्हणाल्या. "ताकद सारखी, डिझेल सारखंच खातात, रुंदी सारखी. दोन्ही तुमच्या ओळींतून आरामात जातील. उगाच डोक्याला ताप करून घेऊ नका. रंग आवडेल तो घ्या."

धाकट्याला हा सल्ला मुळीच आवडला नाही. एवढी मोठी वस्तू आणि म्हणे रंग बघा. तो दोन्हींभोवती फिरला. टायरला लाथ मारून बघितली, कारण थोरला मारायचा. लाथ मारून नक्की काय कळतं हे त्याला माहीत नव्हतं. मग निळ्यावर चढला आणि त्याला बरं वाटलं. निळ्याचा गिअर दोन्ही गुडघ्यांच्या मधोमध होता, अगदी जुन्या ट्रॅक्टरसारखा. लालचा बाजूला होता. थोरल्याचा हात मधल्या गिअरवर इतकी वर्षं बसलेला, तो आला की निळ्यावर बसेल आणि काही शिकावं लागणार नाही. अशक्त माणसाला नवीन शिकायला लावणं बरं नव्हे. निवड झालीच होती म्हणायची.

"मागे तो रोटाव्हेटर ठेवलाय," बाई म्हणाल्या. "जोडून बघा ना. जोडल्याशिवाय ट्रॅक्टर कळत नाही."

"हो, हो," धाकटा म्हणाला, निळ्यावरून उतरला, चालत मागे गेला, रोटाव्हेटरशी वाकला, पिन उचलली, पाय नीट रोवले आणि नेहमीच्या आवाजात ओरडला, "येऊ दे!"

ट्रॅक्टर जागचा हलला नाही. त्याने मान न उचलता पुन्हा हाक दिली, "येऊ दे, येऊ दे!"

बाईंना हसू आलं. दुसऱ्या क्षणी त्यांनी ते गिळलं. "काका," त्या हळूच म्हणाल्या, "वर कोणी नाहीये."

धाकटा ताठ उभा राहिला. कानाच्या पाळ्या तापल्या. असं मेल्याहून मेल्यासारखं त्याला आयुष्यात झालं नव्हतं. त्याने पिन शर्टाला पुसली, म्हणजे इस्त्रीच्या शर्टावर ग्रीसचा पट्टा उमटला, आणि म्हणाला, "सवय आहे."

"घरी चालवणार कोण?"

"भाऊ."

"आणि भाऊ नसतील तेव्हा?"

धाकट्याने पिन परत जागेवर ठेवली. बाईंनी त्याला हाताने बोलावून लाल ट्रॅक्टरच्या मागे नेलं. मडगार्डच्या बाहेरच्या बाजूला, उभ्या माणसाच्या हाताशी येईल असा एक काळ्या मुठीचा लिव्हर होता. "हा एवढा एकच फरक," त्या म्हणाल्या. "मघाशी सांगितलं नाही, कारण बरेच जण विचारतही नाहीत. ट्रॅक्टर अंदाजाने मागे घ्यायचा, न्यूट्रल करून, ब्रेक लावून खाली उतरायचं आणि इथे उभं राहून मागचे हात वरखाली करायचे. आपलेच डोळे, आपलाच हात. कुणाला हाक मारायला नको. एकट्या माणसासाठीच केलंय हे."

धाकट्याने लिव्हर वर केला. लोखंडी हात गुपचूप वर आले. खाली केला, खाली गेले. ज्या कामात त्याचं अख्खं आयुष्य गेलं ते काम या एवढ्याशा मुठीत मावत होतं. त्याला त्या लिव्हरचा राग आला, आणि राग आल्याचं आश्चर्यही वाटलं.

"आमच्याकडे हे नको," तो म्हणाला. "आम्ही दोघं आहोत."

"मग निळा घ्या," बाई म्हणाल्या. "उद्या कळवा."

संध्याकाळी अंगणातल्या दोन खुर्च्यांपैकी आपल्या खुर्चीत बसून त्याने फोन लावला. वहिनीने उचलला. मागे टीव्ही चालू होता.

"जेवलात का भाऊजी?"

"जेवतो आता. दादा आहे?"

"आहेत ना, जातात कुठे," वहिनी म्हणाली आणि फोन थोरल्याच्या कानाला धरला. ती धरूनच बसते हे धाकट्याला ठाऊक होतं, कारण तिचा श्वासही ऐकू यायचा.

धाकट्याने दोन्ही ट्रॅक्टर सांगितले. टायर सांगितले, वळण किती लहान घेतात ते सांगितलं, सीटच्या स्प्रिंगपर्यंत सगळं सांगितलं. निळ्याचा गिअर तर दोनदा सांगितला. थोरला हं हं करत होता. किती दिवसांनी त्याच्या आवाजात जान आली होती.

"आणि जोडायला कसे आहेत?" थोरल्याने विचारलं.

"नेहमीसारखेच."

"दोन्ही?"

धाकट्याला थोरल्याशी खोटं बोलता येत नसे. प्रयत्न केला की आवाज पातळ व्हायचा. "लालला मागे एक लिव्हर आहे," तो म्हणाला. "खाली उभं राहून एकट्याने जोडता येतं म्हणे. पण आपल्याला काय करायचंय ते."

तिकडे टीव्हीवर कुणीतरी खो खो हसलं. मग टीव्ही बंद झाला. थोरल्यानेच करायला सांगितला असावा.

"लाल घे," थोरला म्हणाला.

"अरे पण निळ्याचा गिअर..."

"लाल घे म्हणतो ना."

"तुझा हात बसलाय त्या गिअरवर. तू आलास की..."

"ऐक." थोरला एकेक शब्द जुळवून बोलू लागला. "मला खुर्चीतून उठवायला तुझी वहिनी लागते. जिना उतरून किती दिवस झाले विचार तिला. क्लच कोण दाबणार? मी येतो येतो म्हणतो ते... तुला बरं वाटतं म्हणून म्हणतो."

धाकट्याला म्हणावंसं वाटलं की मग तसंच म्हणत राहा, तुझं काय जातं. बूट तेल लावून ठेवलेत, गादी कालच उन्हात टाकली होती. समोरच्या रिकाम्या खुर्चीवर लिंबाचं एक वाळकं पान पडलं होतं, ते त्याने उचललं.

"मला माहीत होतं," तो शेवटी म्हणाला. हे खरंही होतं आणि खोटंही.

"आणि हे बघ," थोरला म्हणाला, "जोडताना चाकाला चिकटून उभा राहू नकोस. तुला वाईट खोड आहे ती. डावा पाय चाकाखाली ठेवतोस."

"तुला काय माहीत? तू कधी मागे बघितलंस?"

"आरशात बघायचो," थोरला म्हणाला. "उजव्या बाजूच्या. दर वेळी बघायचो. तुझी बोटं, तुझा पाय. डोळा म्हणून हलवला नाही कधी. आता बघायला कुणी नाही, म्हणून सांगतो. लांब उभा राहा."

वहिनीचा श्वास जड झाला होता. "ठेवते भाऊजी," ती म्हणाली, "दमलेत ते." आणि फोन बंद झाला. धाकटा तिथेच बसून राहिला. माझे डोळे मागे उभे आहेत, या वाक्यावर तो जन्मभर जगला होता. आज कळलं की थोरला ते लोकांसमोर मिरवायला म्हणायचा आणि सगळा वेळ आरशात भावाचा पाय बघत बसायचा. त्याला हसू आलं. पण त्या दिवशी जेवण तसंच राहिलं.

लाल ट्रॅक्टर आला. जुना भंगारवाल्याकडे जायचा होता, त्याआधी धाकट्याने पाना घेऊन त्याच्या उजव्या बाजूचा आरसा काढला. एका कोपऱ्यात तडा गेलेला, मातीने माखलेला. नव्या ट्रॅक्टरला त्याचा स्वतःचा चकचकीत आरसा होता. तो काढून त्याने जुना बसवला. मेकॅनिक बघत होता, म्हणाला, "काका, चांगला काढून फुटका लावताय?" धाकटा म्हणाला, "हा नीट दाखवतो."

पहिल्या जोडणीला त्याने थोरल्याचे बूट घातले. बोटाशी थोडे मोठे होते. त्याने ट्रॅक्टर अंदाजाने मागे घेतला, न्यूट्रल केला, ब्रेक लावला, उतरला आणि मागे आला. लिव्हर हलका खाली दाबला, रोटाव्हेटर अंगाने जरा रेटला, आणि लोखंडी हात खुंट्यांसमोर येऊन उभे राहिले. पहिल्याच वेळी. कुणाला सांगावं असं काम झालं होतं.

पिन घालण्याआधी त्याने मान उचलून आरशात पाहिलं. इतकी वर्षं तो याच जागी उभा राहिला आणि एकदाही त्याने तिकडे पाहिलं नव्हतं. बघितलं असतं तर त्यात त्याच्याकडेच बघणारे दोन डोळे दिसले असते. आता त्यात नवी काळी सीट दिसत होती आणि सीटच्या पाठीमागे लिंबाची ओळ.

मग त्याने खाली बघितलं. डावा पाय चाकाला चिकटून होता. त्याने तो काढून घेतला, एक पाऊल लांब सरकला आणि पिन घातली.