मोडलेल्या पायाच्या जागी

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या फुटबॉल क्लबाचा इतिहास कुणी विचारला की मी आधी माझी नडगी दाखवतो. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतर दोन-तीन वर्षांत क्लब सुरू झाला. निम्मी कचेरीतल्या कारकुनांची पोरं, निम्मे मजूर. बूट कुणाकडेच नव्हते, तरी अनवाणी पायांनी आम्ही एकमेकांना असं सोलून काढायचो की मैदानाच्या कडेला रक्त धुवायला पाण्याची घागर भरून ठेवावी लागे.

सगळ्यांत जास्त डोकी फुटायची ती मुकुंदवाडीच्या संघाशी खेळताना. शेवटी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बसून एक कायदा केला. ज्यानं समोरच्याचा पाय मोडला, त्यानं तो पाय बरा होईपर्यंत त्याच्या जागी त्याच्या संघाकडून खेळायचं. पाय बरा झाला की नाही, हे जखमी माणसानं सांगायचं. पाय बराच झाला नाही तर काय, हे त्या शहाण्यांच्या डोक्यात आलं नाही.

माझा थोरला भाऊ आमचा कॅप्टन होता. मी वीस वर्षांचा, डोक्यानं गरम. एका मॅचमध्ये मुकुंदवाडीचा एक शेतकरी गडी आमच्यावर लागोपाठ दोन गोल करून हसत निघाला. भाऊ माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "लई माजलाय. झोपव त्याला." मी चेंडूकडे पाहिलंसुद्धा नाही. उडी घेऊन त्याच्या नडगीवर टाच हाणली. वाळलेलं सरपण मोडावं तसा आवाज झाला. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

हाडवैद्यानं कामट्या बांधल्या, पण हाड वाकडंच जुळलं. मी मुकुंदवाडीकडून खेळू लागलो. तिथं मला कुणी पास देत नसे, सरावात कोपरं मात्र नेमकी बरगडीत बसत. तक्रार कुठल्या तोंडानं करणार? तो गडी कडेला बाजेवर बसून बघायचा. "पाय कसाय?" मी रोज विचारायचो. "ठणकतोय," एवढंच म्हणायचा. मला माझ्या क्लबात परत जायचं होतं, आणि त्यासाठी मी त्याच्या पायाकडे डोळे लावून बसलो होतो.

वर्षभरानं उस्मानपुऱ्याशीच मॅच पडली. माझ्याच माणसांनी मला गाठून गाठून तुडवलं. ओठ फाटला, एक दात हलायला लागला. मग भाऊ धावत आला, उडी घेतली आणि टाच माझ्या गुडघ्याखाली हाणली. मी कोसळलो.

"दादा, मी हाये!"

"म्हाईत हाये," तो म्हणाला. "त्यांच्याकडून खेळतोस ना?"

मला त्याची शिसारी आली.

तेवढ्यात तो गडी काठी टेकत मैदानात आला. माझ्याजवळ येऊन त्यानं काठी फेकून दिली आणि दोन्ही संघांना ऐकू जाईल असं ओरडला, "पाय बरा झालाय माझा. जाऊ द्या याला घरी." उभं राहताना त्याचे ओठ थरथरत होते, घाम गळत होता.

भावानं हात पुढे केला. "चल, ऊठ."

मी तो हात झटकला. कसाबसा उठलो, काठी उचलून त्या गड्याच्या हातात दिली आणि पंचाला म्हणालो, "झूट बोलतोय ह्यो. पाय बरा नाय झाला. व्हनार बी नाय."