नाव, गाव आणि घरी सापडण्याची वेळ

ज्या सकाळी मी गाव सोडलं, त्या सकाळी आमच्या पिक्चरचा फक्त शेवटचा सीन शूट व्हायचा राहिला होता. ढोकीच्या स्टँडवर लातूरहून आलेली पुण्याची गाडी उभी होती. महेशनं खिडकीतून माझी बॅग सीटवर टाकून जागा धरली. शुभाला तिथूनच शूटिंगला जायचं होतं, म्हणून ती भुताच्या मेकअपमध्येच आली होती. तोंडाला पांढरी पावडर, डोळ्यांखाली काजळ, अंगावर आत्याचं जुनं हिरवं लुगडं. गाडीतली एक बाई तिला बघून कंडक्टरला म्हणाली, "हिला चढू देऊ नका वो," आणि आम्ही पोट धरून हसलो.

आत्याही आली होती. ती माझी सख्खी आत्या नव्हे. गावाच्या कडेला पत्र्याच्या घरात एकटी राहायची, शेळ्या पाळायची, आणि सगळं गाव तिला आत्या म्हणायचं. तिचं नाव मी इथं लिहिणार नाही. का, ते पुढं येईल. तिनं शेंगदाण्याच्या चटणीचा डबा खिडकीतून आत सरकवला आणि म्हणाली, "जा बाई. पर पिक्चर पुरा झाला की मला दाखवायला इसरू नका."

"व्हय आत्या. पहिल्या खुर्चीवर तुम्हीच."

माझ्या वडिलांनी, आण्णांनी, पत्रकांचा एक गठ्ठा हातात दिला. गाडी हलली.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांनो, मला त्या गठ्ठ्यापासूनच सुरुवात करावी लागेल. आण्णा लग्नपत्रिका छापायचे. घरातच, स्क्रीन प्रिंटिंगवर. चुकलेल्या पत्रिका ते फेकत नसत. त्यांच्या कोऱ्या बाजूवर पत्रकं छापत आणि आठवडी बाजारात वाटत. एका बाजूला चि. आणि चि. सौ. कां., दुसऱ्या बाजूला 'अंगात येतं म्हणजे काय?' मी अक्षरं अशीच शिकले. आणि प्रत्येक पत्रकाच्या तळाशी तीन गोष्टी असायच्या: लिहिणाऱ्याचं नाव, गाव-घर, आणि घरी सापडण्याची वेळ. त्याशिवाय शाई लावायची नाही. "वाचून ज्याला राग येईल, त्याला आपलं दार ठाऊक पायजे," असं ते म्हणायचे. लोक यायचेही. कुणी तावातावानं, कुणी दारू पिऊन. आण्णा आधी पाणी द्यायचे, मग भांडायचे.

त्यातलंच एक पत्रक आत्याचं. मी शाळेत होते तेव्हा गावातल्या एका घरात बायकांच्या साड्यांवर रोज काळ्या फुल्या उमटायला लागल्या. भानामती, असं ठरलं, आणि बोट आत्याकडं गेलं. हापशावर तिला पाणी भरू देईनात. तिच्या शेळीचं दूध कुणी घेईना. आण्णा आठ दिवस त्या घरी जाऊन बसले. फुल्या बिब्ब्याच्या होत्या, आणि घरातलंच एक दुखावलेलं माणूस त्या मारत होतं. त्या माणसाचं नाव आण्णांनी कधीच सांगितलं नाही. आत्याचंही नाव ते गाळणार होते. तीच म्हणाली, "माझं नाव घाला. बोट दाखवलं तवा नाव घेऊनच दाखवलं की. आता खरं सांगायच्या टायमाला कशाला लपवायचं?"

नाव छापलं. पत्रक घरोघरी गेलं. फुल्यांच्या त्या घरातल्या कर्त्या बाईनं हापशावर आत्याची कळशी स्वतः भरून दिली. आमच्या पिक्चरचा शेवटचा सीन तोच होता; फक्त त्यात शुभा त्या पाण्यानं भुताचं तोंड धुणार होती.

पिक्चर करायची कल्पना महेशची. आम्ही तिघं एकाच वर्गातले. तिघांनाही भुताचे पिक्चर बघायचं वेड, आणि जितका पिक्चर भिकार तितकी मजा जास्त. मी पत्रकावरून पटकथा लिहिली. पाऊण पिक्चर भीती दाखवायची, शेवटी तिचं बिंग फोडायचं. महेशच्या मोबाइलवर शूटिंग. रक्त म्हणून साबुदाण्याच्या खळीत कुंकू. भुताचे केस शेळीचे. लाईट नव्हते म्हणून दिवसा शूट करून वर निळा रंग चढवला आणि रात्र केली. त्यामुळे आमच्या भर मध्यरात्री मागं कोंबड्या दाणे टिपत फिरतात. आत्यानं घर दिलं, शेळ्या दिल्या, लुगडं दिलं, पंधरा दिवस आम्हाला भाकरी करून घातल्या. शुभाचा अभिनय बघून ती म्हणायची, "आगं, म्या एवढी वाकडी चालत न्हाय, मुडदे!"

मी पुण्याला आले. पीजीतल्या तिघींच्या खोलीत एक कॉट मिळाली, ऑफिसात एक खुर्ची. कामाचं नाव कंटेंट रायटिंग. मी क्रीम, फ्लॅट, विमा, डायबेटिसचा चहा असं सगळं लिहिते, आणि कशाच्याही खाली माझं नाव नसतं. सुरुवातीला ते मला विचित्र वाटायचं. नंतर हलकं वाटायला लागलं. कुणी दारात येणार नाही. डेडलाइन पाळली की झालं.

चार महिन्यांनी पिक्चर यूट्यूबवर आला. नाव बदललं होतं, आत्याच्या नावावरून ठेवलं होतं. सुरुवातीला पाटी, 'सत्य घटनेवर आधारित'. त्यानंतर आण्णांचं पत्रक, पडदाभर, तळाच्या पत्त्यासकट. मग 'कथा' आणि माझं नाव. ऑफिसातल्या पोरींनी लंच टायमात माझ्या टेबलाभोवती कोंडाळं केलं. कोंबड्या बघून त्या हसल्या, शुभाला बघून किंचाळल्या. शेवटी हापसा आला, कळशी भरली, आत्या झालेली शुभा पाणी प्यायली. मग तिनं मान वळवली, आणि डोळे पांढरे होते. म्हणजे भानामती खरी होती. आत्या खरंच तसली होती. पोरींनी टाळ्या वाजवल्या.

मला त्याच क्षणी महेशला फोन करायला हवा होता. मी केला नाही. एकच तर शॉट आहे, असं स्वतःला सांगितलं. खरं असं की, पडद्यावर माझं नाव बघून मला बरं वाटलं होतं. दुसरा भाग आला, तिसरा आला, मी उघडलेसुद्धा नाहीत. सणाला घरी गेले तरी आत्याच्या घराकडं फिरकले नाही. बघितलं नाही म्हणजे आपला संबंध नाही, अशी सोय.

गेल्या उन्हाळ्यात मी दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅट भाड्यानं घेतला. त्याच सुमारास महेश आणि शुभा एका रविवारी दुपारी आले. महेशला चौथा भाग करायचा होता आणि पटकथेसाठी मी हवी होते. "तिन्ही भाग सलग बघू. जुन्या दिवसांसाठी," तो म्हणाला. पडदे ओढले, पोहे केले, लॅपटॉप स्टुलावर ठेवला.

पहिल्या भागाला आम्ही पुन्हा तसेच हसलो. हे मी कबूल करते. दुसऱ्या भागात आत्याचं भूत पोरं पळवतं. हसू कमी झालं. तिसऱ्यात ती सूड घेते. त्यात एका ठिकाणी लांबून एक बाई बांधावरून चालत येते, पुढं शेळ्या, मागं धूळ, आणि खाली ढोलाचा आवाज.

मी म्हणाले, "शुभे, इथं मात्र चाल जमली तुला. अगदी आत्या."

शुभा पोह्यांच्या ताटलीकडं बघत म्हणाली, "ती म्या न्हाय."

मी लॅपटॉप थांबवला. "मग?"

"आत्याच हाय ती. महेशनं झाडाआडून घेतलंय. तिला ठाऊक न्हाय."

महेश म्हणाला, "दोन सेकंदांचा शॉट आहे. कुणाला कळतंय?"

"तिला विचारलं होतंस?"

"तुला तरी विचारलं होतं ना? तेव्हा तू काय केलंस?" त्यानं मोबाइल काढला, खूप मागं गेला आणि समोर धरला. मी पुण्याला आल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यातला त्याचा लांबलचक व्हॉइस मेसेज. त्याखाली माझं उत्तर: 'चालतंय. तू बघ.' त्यानं मेसेज लावला. त्याचाच आवाज, थोडा घाबरलेला: शेवट बदलू का गं? सगळे म्हणतात भूत खरं निघालं पाहिजे. आत्याला काय वाटेल, तू सांग. तू न्हाय म्हणालीस तर न्हाय करणार.

मी तो मेसेज कधी ऐकलाच नव्हता. न ऐकता उत्तर टाकलं होतं.

"आता तत्त्व सांगू नको," महेश म्हणाला. "तू गेलीस. आमी राहिलो. मला तिथंच राहून काहीतरी करायचं होतं. तुझ्या आण्णांच्या पत्रकात लोक शेंगा बांधून नेतात. पिक्चर पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, वाशी-भूमपर्यंत बघितलाय लोकांनी."

"आणि आत्यानं? तिला दाखवलास?"

त्यानं मोबाइल खिशात टाकला. शुभाच म्हणाली, "आत्या गावात कुठाय आता? वर्ष झालं गाव सोडून. तुला ठाऊक न्हाय?"

मी त्याला सांगितलं, तिन्ही भाग काढून टाक. तो म्हणाला, नाही. मी जे बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. पंधरा वर्षांच्या मैत्रीत बोलू नये असं मी बोलले आणि त्यातला एकही शब्द मागं घेत नाही. तो अर्धा चहा टाकून गेला. शुभा दारात थांबून म्हणाली, "चौथ्यात म्या न्हाय," आणि गेली.

मी आण्णांना फोन केला. आत्या गाव सोडून गेली हे मला का सांगितलं नाही, असं चढ्या आवाजात विचारलं. 

"वर तुझं नाव होतं की," ते म्हणाले. "तुझं नाव हाय म्हणजे तू सगळं बघून घातलं असंल, असं धरलं म्या. आता तुला काय सांगायचं?"

पत्रकावरचा पत्ता बघून दुसऱ्या तालुक्यांतून पोरं मोबाइल घेऊन आमच्या दारात यायची, भुताचं घर कुठंय म्हणून. आण्णा त्यांना पाणी द्यायचे, बसवून खरी गोष्ट सांगायचे, आणि ती पोरं तिथून उठून आत्याच्या पत्र्यावर दगड मारून जायची. मुलीच्या नावावरचा राग बाप दारात बसून झेलत होता. आणि मला कधी एका शब्दानं विचारलं नव्हतं. माझा विश्वासघात झाला म्हणून मी फोन केला होता. पलीकडच्या माणसाचा माझ्याआधीच झाला होता, आणि तो मीच केला होता.

आण्णांकडून पत्ता घेऊन पुढच्या रविवारी मी वाशीला गेले. आत्या लेकीकडं राहते, छायाकडं. बाजारपेठेच्या मागं दोन खोल्या. शेळ्या विकून टाकलेल्या. मला बघून ती उठली, पाणी दिलं, आणि डोळे बारीक करून म्हणाली, "वाळलीस."

मी पाया पडले आणि पिक्चरचं सांगायला लागले. तिनं हात केला. "बघितला म्या. जावयाच्या मोबाइलवर. बोलवनार व्हता ना गं तुमी मला?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"हितं बरं हाय," ती म्हणाली. "गल्लीत मला छायाची आई म्हणत्यात. नाव कुणाला ठाऊक न्हाय. म्या सांगत बी न्हाय."

हे तिनं सहज सांगितलं. हीच बाई आण्णांना म्हणाली होती, माझं नाव घाला.

मी म्हणाले, "आत्या, मी नवं पत्रक काढते. सगळं खरं लिहिते. तुमचं नाव घालून लिहू ना?"

तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "माझं एकदा घालून झालं बाई. ह्या बारीला तुझं घाल."

म्हणून इथं तिचं नाव नाही.

आण्णांनी स्क्रीन काढून दिली, शाई मी ओढली. चुकलेल्या पत्रिकांच्या पाठीवर. मजकूर साधा आहे. कुणी कुणाचं घर, लुगडं आणि भाकरी घेऊन काय केलं, आणि न ऐकता 'चालतंय' कुणी लिहिलं. तळाशी पत्त्याच्या ओळीवर मी अडले. सवयीनं फ्लॅटचा पत्ता लिहायला घेतला होता. पण फ्लॅटच्या दारावर तिघींपैकी कुणाचंच नाव नाही, आणि खालचा वॉचमन कुणालाही विचारल्याशिवाय वर सोडत नाही. तिथं माझ्याशी भांडायला कोण येणार? मी गावाचा पत्ता घातला. पिठाच्या गिरणीशेजारी, निळं दार. सापडण्याची वेळ: दर रविवारी, दिवसभर.

शुभानं अर्धी पत्रकं बाजारात वाटली. महेशचे तिन्ही भाग अजून यूट्यूबवर आहेत.

पहिल्या रविवारी दुपारपर्यंत कुणी आलं नाही. मग हापशाजवळच्या घरातली एक बाई पत्रक हातात धरून आली. आण्णांकडं बघितलं नाही, थेट माझ्याकडं. "तुझं नाव बघून खरं मानलं म्या. शिकल्याली, पुन्यात नोकरीला गेल्याली पोरगी खोटं कशाला लिहील म्हणून. आत्याचं दूध म्या बंद केलं, म्या! आता तू म्हणतीस खोटं व्हतं. मग इतके दिवस कुठं तोंड घालून बसली व्हतीस?"

मी पाणी दिलं. ती प्यायली नाही. ऊन उतरेपर्यंत बोलत होती आणि मी ऐकत होते. या वेळी मी सगळं ऐकलं. माझी पुण्याची गाडी निघायची वेळ झाली तेव्हा ती उठली.

"माझं झालं न्हाय अजून," ती म्हणाली. "परत कवा सापडशील?"

मी म्हणाले, "खाली लिहिलंय, बघा. रविवारी."