साहेब चहा घेत नाहीत

पुण्याहून निघतानाच योहान साहेबांनी मला नियम सांगितला : तपासणी संपेपर्यंत कोणाकडचं काही घ्यायचं नाही, पाणीसुद्धा आपलं आपण न्यायचं. युद्ध संपलेल्या एका देशावर निर्बंध अजून कायम होते. तिथे काय जावं, काय जाऊ नये हे बघणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीचे ते निरीक्षक, आणि मी दुभाषी. भिंगारच्या रफिकभाईंच्या पिठाच्या चक्क्या तिकडे जायच्या होत्या. चक्की ही चक्कीच आहे, तोफेचा भाग नव्हे, एवढी खात्री करून सही करायची. सोपं काम, असं मला वाटलं होतं.

भिंगारला रस्त्याच्या एका अंगाला लष्कराची लांबलचक भिंत आणि दुसऱ्या अंगाला रफिकभाईंचं वर्कशॉप. साहेब त्या भिंतीकडे बराच वेळ संशयाने बघत राहिले. ग्रीसचे हात पुसत रफिकभाईंनी चहा मागवला. साहेबांनी हात जोडले. बिस्किटं आली, परत गेली. शेजाऱ्यांनी सरबत पाठवलं, तेही परत. रफिकभाईंचा चेहरा उतरला.

त्यांचा निर्यातीचा एजंट, सगळे त्याला दादा म्हणत, कोपऱ्यातून हे बघत होता. "च्याला शिवत न्हाई," तो रफिकभाईंच्या कानाशी लागला, "म्हंजी भूक मोठी हाय." आणि साहेबांच्या नावाने मागायच्या लाचेचा आकडा त्याने परस्पर वाढवला.

रफिकभाईंची चालती चक्की बघायला आम्ही सगळे श्रीगोंद्याकडे निघालो. दुतर्फा ऊस, मध्ये ट्रॉल्यांची रांग, आमची गाडी गोगलगायीसारखी. गावच्या चक्कीवर बायका बाजरीचे डबे घेऊन बसल्या होत्या. साहेबांनी पीठ चिमटीत धरलं, हुंगलं, फोटो काढले. चक्कीवाल्याच्या बायकोने भाकरी-ठेचा आणि चहा पुढे केला, तो त्यांनी नम्रपणे नाकारला. दादाने आकडा पुन्हा वाढवला. एवढा प्रामाणिक माणूस आमच्या मुलखाला परवडणारा नव्हता!

रफिकभाईंनी मला बाजूला घेतलं. "लेथ मशीन विकतो," ते म्हणाले. "अब्बांचं हाय. पन चक्क्या जाऊ द्या."

त्या एका मशीनवर त्यांचं सगळं दुकान चालत होतं. माझं डोकंच फिरलं. मी साहेबांना सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, मी तर काहीच मागितलं नाही. म्हटलं, तीच तर पंचाईत आहे. इकडे साधा माणूस चहा पितो, आणि चहाला न शिवणारा मोठा घास घेतो, असा लोकांचा अनुभव.

साहेब डोकं धरून बसले. मग उठले आणि साऱ्या गावासमोर चहा बशीत ओतून भुरकले. ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं तरी भाकरी संपवली. "साधा मानूस हाय की," बायका म्हणाल्या. दादाचं तोंड एरंडेल प्याल्यासारखं झालं. आता त्याचा आकडा कोण ऐकणार? सही झाली. रफिकभाईंनी साहेबांना मिठी मारली आणि मी पुण्यापर्यंत हसत आलो.

पण योहान साहेबांनी तो चहा इमानेइतबारे अहवालात लिहिला. पाहुणचार घेतला म्हणून समितीने त्यांना घरी बसवलं आणि त्यांची सही रद्द केली. मला फार वाईट वाटलं. एका कपावरून माणूस ओळखता येतो, यावर मात्र माझा अजून विश्वास होता.

नवे निरीक्षक येऊन गेल्याचं कळलं, तेव्हा मी रफिकभाईंना फोन केला.

"लई मोकळा मानूस," ते म्हणाले. "आल्या आल्या सोताहून च्या मागितला. दोनदा प्याला. आमी म्हनलं, सुटलो."

"मग?"

"चक्क्या गेल्या," ते म्हणाले. "मशीन बी गेलं."